कासवाचं वजन ठीक आहे का, अंगात पाणी पुरेसं आहे का, हे घरीच कसं ओळखायचं

कासव आजारी पडलं तर ते सांगत नाही. कुत्रा कण्हतो, मांजर जेवण सोडून पलंगाखाली जाऊन बसते, आपल्याला लगेच कळतं, पण कासव आतल्या आत सुकत जातं आणि कवच मात्र वरून जसंच्या तसं दिसत राहतं, त्यामुळे ज्या दिवशी "अरे हे आज हललंच नाही" असं लक्षात येतं त्या दिवशी बऱ्याचदा फार उशीर झालेला असतो. म्हणून घरात कासव असेल तर दोन गोष्टी आपल्या आपल्याला तपासता यायलाच हव्यात, अंगात पाणी पुरेसं आहे का आणि वजन ठीक आहे का. आणि याच क्रमाने, आधी पाणी मग वजन, कारण कासवाच्या वजनात पाण्याचा वाटा इतका मोठा असतो की पाण्याचा अंदाज नसेल तर काट्यावरच्या आकड्याला काही अर्थच राहत नाही.

मी इंग्लंडमध्ये राहते, आमची बुंदी हरमन जातीची मादी आहे, त्यामुळे खालचं बरंचसं हरमन आणि स्पर-थाय या भूमध्य सागराच्या बाजूच्या कासवांना धरून आहे. इथे घराघरांत बहुतेक हीच असतात, नाहीतर मग हॉर्सफील्ड. (हरमन किंवा स्पर-थाय विकत घेणार असाल तर आर्टिकल १० चं सर्टिफिकेट, म्हणजे संरक्षित जातीचं कासव कायदेशीरपणे विकता येतं असा सरकारी दाखला, मागून घ्या, ते नसेल तर व्यवहार करू नका.)

महाराष्ट्रातून वाचत असाल तर आधी हे वाचा. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं कासव म्हणजे स्टार कासव, ते वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे आणि २०१९ पासून सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट १ मध्येही गेलंय, म्हणजे घरात ठेवणं सरळ गुन्हा आहे, कुणी "लकी असतं" म्हणून दिलं असलं तरी. तसं कासव घरात असेल तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, गुपचूप शेतात किंवा टेकडीवर सोडून देऊ नका, घरातले आजार तिकडच्या कासवांत जातात आणि हे बिचारं तिथे टिकेलच असंही नाही. सुलकाटासारखी परदेशी कासवं असतील तर त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. आणि काचेच्या टाकीत पोहणारी रेड इअर्ड स्लायडर ही पाण्यातली कासवं, त्यांना यातलं बरंच लागू पडत नाही.

आता पाणी.

कासव पाणी पितं ते बरंचसं मूत्राशयात साठवून ठेवतं आणि गरज पडेल तसं तिथून परत शोषून घेतं. म्हणून तर कोरड्या मुलखात ती जगतात. अमेरिकेत मोहावी वाळवंटात जंगली कासव दिसलं तर उचलू नका असं सांगतात त्याचं मोठं कारण हेच, घाबरलं की ते मुततं आणि महिनोन्महिने पुरवायचं पाणी एका मिनिटात वाळूत जातं. घरातल्या कासवालाही हे लागू आहे, आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात कासव देणं बंद करा.

शरीरातला कचरा बाहेर टाकायची त्यांची पद्धतही पाणी वाचवणारी आहे, आपल्यासारखा युरिया न टाकता ती यूरिक अ‍ॅसिड टाकतात, आणि ते लघवीबरोबर पांढऱ्या लगद्यासारखं बाहेर येतं, त्याला युरेट्स म्हणतात. नवीन लोक हे बघून घाबरतात, पण पांढरं येणं नॉर्मल आहे, बघायचं असतं ते कसं येतंय हे. पातळ, मऊ, दुधट असेल तर पाणी पुरेसं आहे. ग्लोव्ह घालून थोडं चिमटीत घ्या आणि बोटांवर चोळा, सरसरीत लागलं तर निश्चिंत राहा, पण रांगोळी चोळल्यासारखी खर लागली किंवा खडूसारखा कोरडा गोळा हातात आला तर कासवाला पाणी कमी पडतंय, आणि हे आजचं नाही, बरेच दिवस चाललंय. असंच चालू राहिलं तर हे साचून मूत्राशयात खडा होतो, आणि मोठा खडा झाला की ऑपरेशनशिवाय बहुतेक वेळा सुटका नसते, शिवाय यूरिक अ‍ॅसिड सांध्यांत आणि किडनीत साचून गाऊट होतो तो वेगळाच, त्यात जनावराला फार वेदना होतात. युरेट्सना हिरवी झाक असेल तर घरी काही करत बसू नका, डॉक्टरला दाखवा. दर वेळी पांढरं यायलाच हवं असं मात्र नाही, नुसती स्वच्छ पाण्यासारखी लघवी होणं उत्तमच.

युरेट्स रोज हाती लागत नाहीत, म्हणून बाकीच्या खुणा. डोळे बघा, भरलेले, चमकदार, पूर्ण उघडलेले हवेत, आत गेलेले किंवा अर्धवट मिटलेले असतील तर गंभीर आहे. तोंड उघडलं (खाताना उघडतंच, मुद्दाम ओढून उघडू नका) की आतला भाग ओला, गुलाबी दिसायला हवा, लाळेची चिकट तार येत असेल तर पाणी कमी आहे. मानेची आणि पुढच्या पायांच्या मुळाशी असलेली कातडी बघा, लोंबकळणारी, पापुद्रे सुटलेली वाटतेय का? कुत्र्यामांजराची कातडी चिमटीत ओढून सोडतात आणि किती पटकन जागेवर जाते ते बघतात, तसं इथे करू नका, कासवाची कातडी मुळातच जाड आणि सुरकुतलेली, त्यातून काही कळत नाही. आपल्याच कासवाची कातडी ते चांगलं असताना कशी दिसते ते माहीत असणं जास्त कामाचं, म्हणून महिन्यातून एकदा समोरून आणि बाजूने फोटो काढून ठेवत जा.

अंघोळ, म्हणजेच सोक

पाण्याची बशी आत ठेवलीय म्हणजे झालं, असं समजू नका. बशी हवीच, उथळ, कासवाला चालत आत जाता येईल अशी, पण कित्येक कासवं तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि टबात ठेवलं की मात्र घटाघट पितात. म्हणून सोक. एक प्लास्टिकचा टब फक्त यासाठी वेगळा काढा, त्यात कोमट पाणी, हात घातला तर ना गरम ना गार, साधारण ३० डिग्री. पाण्याची पातळी वरचं आणि खालचं कवच जिथे जोडलेलं असतं तिथपर्यंत, मान सहज पाण्याच्या वर राहिली पाहिजे. १५ ते २० मिनिटं. पाणी गार व्हायला लागलं तर बदला.

आणि मग शांत बसून बघा, मोबाइल बाजूला ठेवून. आधी कासव टबाच्या भिंतीला धडका मारेल, मग थांबेल. मान लांब करेल, हनुवटी आणि नाकाचं टोक पाण्यात बुडवेल आणि तसंच राहील, वाटेल की झोपलंय की काय, पण गळ्याकडे बघा, गळ्याची कातडी लयीत खाली-वर होत असते, ते पाणी पितंय. तहानलेलं कासव मिनिटभर, दोन मिनिटं न थांबता पितं. त्यानंतर बऱ्याचदा शेपूट बाजूला करून मुततं, शी पण करतं, की लगेच बाहेर काढा किंवा पाणी बदला, कारण तेच पाणी ते परत प्यायला लागतं. नंतर पुसून सरळ उबेखाली ठेवा.

किती वेळा? पिल्लांना रोज, मोठ्यांना आठवड्यातून एक-दोनदा, उन्हाळ्यात किंवा घरात हीटिंग चालू असताना जास्त. पिल्लं एवढीशी असतात, त्यांच्यात साठा नसतो, दिव्याखाली एका दिवसात सुकतात. त्यांना दमट कोपराही लागतो, ओलसर मातीचं किंवा शेवाळाचं लपायचं ठिकाण. पूर्वी पाठीवर उंचवटे येतात ते प्रोटीन जास्त झाल्याने असं सगळेच सांगायचे, पण २००३ मध्ये सुलकाटा पिल्लांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की प्रोटीनपेक्षा हवेतल्या दमटपणाचा परिणाम कितीतरी मोठा होता, कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठी जास्त उंचसखल झाल्या. एकदा झालेला आकार परत सपाट होत नाही, म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत यात अजिबात हयगय करू नका.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, गारठलेलं कासव पीतही नाही आणि पचवतही नाही. बास्किंग लॅम्पखाली, म्हणजे कासवाला ऊब देणाऱ्या दिव्याखाली, ३२ ते ३५ डिग्री मिळत नसतील तर सोक करून काही फायदा नाही, आधी ऊब दुरुस्त करा. काकडी, टरबूज घालून पाणी भरून काढायच्या भानगडीत पण पडू नका, भूमध्य भागातल्या कासवांना फळं सोसत नाहीत, त्यापेक्षा डँडेलायनची पानं, प्लँटेन (केळं नव्हे, त्याच नावाचं रानातलं पानांचं तण), जास्वंदीची पानं-फुलं धुऊन तशीच ओली घाला.

हात साबणाने धुणं विसरू नका, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असतात. टब किचनच्या सिंकमध्ये धुवायचा नाही, आणि काटा पण स्वयंपाकाचा वापरायचा नाही, वेगळा घ्या.

आता वजन

साधा डिजिटल काटा चालतो, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. काट्यावर डबा ठेवा, आकडा शून्य करा, मग कासव डब्यात, नाहीतर ते चालत खाली पडतं. नेहमी एकाच वेळी करा, सकाळी, खायच्या आधी आणि सोकच्या आधी, कारण सोकमध्ये भरपूर पाणी पिऊन आलेलं कासव एकदम जड भरतं आणि मुतून मोकळं झालेलं हलकं, आणि त्या फरकावरून तुम्ही उगाच आनंदी तरी व्हाल किंवा घाबराल तरी. पिल्लांचं दर आठवड्याला, मोठ्यांचं महिन्यातून एकदा, तारीख घालून वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहा. मला विचाराल तर एकट्या आकड्यापेक्षा ही वहीच खरी. ११०० ग्रॅम चांगलं की वाईट हे कुणीच सांगू शकत नाही, पण ११८०, ११५०, ११०० असं एका रेषेत खाली येत असेल तर ते कासव आजारी आहे, बाहेरून कितीही टवटवीत दिसो.

लांबी मोजायची तर टेप पाठीवरून वळवून मोजू नका, सगळे तिथेच चुकतात. सरळ लांबी हवी. कासव टेबलावर ठेवा, पुढे एक जाड पुस्तक उभं करा, मागे दुसरं, कवचाला टेकेपर्यंत सरकवा, कासव उचला आणि दोन पुस्तकांमधलं अंतर मोजा. डोकं-शेपूट धरायचं नाही, फक्त कवच.

या लांबी आणि वजनावरून एक प्रसिद्ध हिशोब आहे, जॅक्सन रेशो. ऑलिफंट जॅक्सन नावाच्या ब्रिटिश व्हेटने १९८० च्या सुमारास तो मांडला, त्या काळात ब्रिटनमध्ये भूमध्य भागातून भराभर कासवं आयात व्हायची (१९८४ मध्ये ती आयात बंद झाली) आणि हिवाळ्यात झोपवलेली, म्हणजे गार जागी काही महिने शीतनिद्रेत ठेवलेली, ढिगाने मरायची, तर कुठलं कासव झोपवण्याइतकं धडधाकट आहे हे ठरवायला काहीतरी माप हवं होतं. त्याचा मूळ आलेख आहे, पण घरी सोपं करायचं तर वजन ग्रॅममध्ये घ्या आणि त्याला लांबीच्या, सेंटिमीटरमधल्या, घनाने भागा. १८ सेंटिमीटरचं कासव असेल तर १८ गुणिले १८ गुणिले १८ म्हणजे ५८३२, आणि वजन १२०० ग्रॅम असेल तर भागाकार ०.२०६ येतो. ०.२ च्या आसपास, किंचित वर, असेल तर साधारण बरं. त्याच्या बरंच खाली गेलं तर बारीक, बरंच वर गेलं तर जाड किंवा आत दुसरं काहीतरी आहे.

पण हे फक्त स्पर-थाय आणि हरमन यांच्यासाठी, आणि तेही मोठ्या झालेल्या. हॉर्सफील्ड चपटी आणि गोल असतात, मार्जिनेटेडच्या कवचाची मागची कड झालरीसारखी बाहेर येते, सुलकाटा, लेपर्ड, रेडफूट यांचे आकार पूर्ण वेगळे, त्यांना हे माप लावून "माझं कासव उपाशी आहे" म्हणून पेलेट्सचा, म्हणजे विकतच्या सुक्या खाद्याच्या गोळ्यांचा, मारा सुरू करू नका. मोहावीच्या वाळवंटी कासवांवर काम करणारे लोक लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही गुणून त्याने वजन भागतात, ते जास्त बरोबर वाटतं मला, कारण त्यात कवचाचा आकार येतो. तुमच्या जातीसाठी ठरलेला आकडा नसेल तरी तुमच्याच कासवाचा हा भागाकार महिन्या-महिन्याला लिहून ठेवा, तो स्थिर राहतोय ना तेवढं बघा.

हाताने तपासणं

काटा नसलेल्या काळातही लोक कासव पाळायचे आणि हाताने उचलून सांगायचे. दोन्ही हातांत कासव घ्या आणि वजन जाणवू द्या. बाजारात नारळ घेताना आपण हातात तोलून बघतो, आत पाणी भरलेलं आहे की तो सुका पडलाय ते हाताला कळतं, तसंच हे. आकाराच्या मानाने भरीव वाटायला हवं. पोकळ वाटलं तर कवच तेवढंच मोठं आहे आणि आतलं कासव घटलंय.

मग मान आणि पुढचा पाय यांच्यामधली खाच बघा, कवचाच्या आत जिथे कातडी जाते तिथे. कासव निवांत असताना, पाय बाहेर असताना. चांगल्या कासवात ती जागा हलकीशी खोलगट, कातडी सैल पण भरलेली. बारीक कासवात तिथे खोल खड्डा पडतो, पुढच्या पायाला अंगठ्याने हळूच दाबलं तर मांस न लागता हाड लागतं, आणि डोक्यावर डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना खळगे दिसायला लागतात, हे खळगे म्हणजे शरीराने स्नायू खायला सुरुवात केल्याची खूण, ती बघून वाट बघत बसायचं नाही. उलट जाड कासवात त्याच खाचांमधून, आणि मागच्या मांड्यांपाशी, मऊ चरबीचे फुगे बाहेर येतात, आणि ते पाय आत ओढायला गेलं की तेवढी जागाच उरत नाही, पुढचे पाय आत घेतले की मागचे बाहेर. अशांना बहुतेक पेलेट्स, फळं आणि थोडीशीच जागा मिळालेली असते. त्यांना उपाशी ठेवू नका, पेलेट्स बंद करा, रानपाला वाढवा आणि चालायला मोठी जागा द्या. काही महिने लागतात.

आता एक सावधगिरी, वजन चांगलं म्हणजे तब्येत चांगली असं नाही. मादीच्या पोटात अंडी असतील तर वजन वाढतं, आणि अंडी नराशिवायही होतात बरं का, ती अडकली तर जीवावर बेततं, तेव्हा मादी अचानक जड झाली आणि सारखी माती उकरत फिरायला लागली तर तिला अंडी घालायला खोल, उबदार माती द्या, आणि तरीही घालत नसेल तर एक्सरे. मूत्राशयातला खडा वजन वाढवतो. किडनी बिघडली की अंगात पाणी साठतं, पाय सुजून गुबगुबीत दिसतात आणि लोक म्हणतात छान भरलंय! सूज दाबली की पिठासारखी खचते, चरबी तशी खचत नाही. म्हणून तर म्हणतेय, काटा, डोळे आणि हात, तिन्ही लागतात.

हिवाळ्यात झोपवत असाल तर

बारीक, नुकतंच आजारी पडून गेलेलं किंवा खर युरेट्स टाकणारं कासव झोपवू नका, त्याला या वर्षी उबेत जागं ठेवा. धडधाकट असेल तर झोपवायच्या आधी दोन-चार आठवडे खाणं बंद होतं, पण सोक बंद करायचा नाही, पोट रिकामं हवं आणि मूत्राशय भरलेलं. फ्रिजमध्ये झोपवलं तर साधारण ५ डिग्री ठेवतात आणि आठवड्याला एकदा बाहेर काढून पटकन वजन घेतात. मोठ्या कासवाचं महिन्याला साधारण १ टक्का घटणं चालतं, १२०० ग्रॅमचं असेल तर १२ ग्रॅम. एकूण १० टक्क्यांपर्यंत गेलं, म्हणजे १२० ग्रॅम, तर उठवायचंच. आणि झोपेत मुतलं असेल, खालचा कागद ओला लागला, तर वजन कितीही असो त्याच दिवशी उठवा, कारण साठा गेला, आता ते सुकत जाणार. उठल्यावर आधी ऊब, मग कोमट सोक, रोज. त्याने पाणी प्यायला हवं, मुतायला हवं, इतक्या महिन्यांचा कचरा रक्तात साठलेला असतो तो बाहेर पडायला हवा. आठवड्याभरात खायला लागलं नाही तर दाखवा.

सुकलेल्या कासवाला जबरदस्तीने भरवू नका, हे मी हात जोडून सांगते. प्रेमापोटी लोक सिरिंजने तोंडात घालतात. आधी पाणी भरून काढायचं असतं, पचवायला आणि त्यातून तयार होणारा कचरा बाहेर टाकायला पाणी लागतं, ते नसताना अन्न गेलं की किडनीवरच ताण येतो. थोडंच कमी पडलं असेल तर रोज दोन सोकने तीन-चार दिवसांत फरक दिसतो. पण डोळे आत गेलेत, पाय लुळे पडलेत, उचलल्यावर पाय आत घेत नाही, नाकातून बुडबुडे येतायत, किंवा नीट ऊब मिळूनही बरेच दिवस खाल्लं नाही, यातलं काहीही असेल तर सोकवर अवलंबून राहू नका. डॉक्टर कातडीखाली किंवा इतर मार्गांनी पाणी देतात, रक्तात यूरिक अ‍ॅसिड तपासतात, गरज वाटली तर एक्सरे काढतात.

फोन करताना "सरपटणारे प्राणी बघणारे आहेत का" हे आधी विचारा, सगळे व्हेट कासव बघत नाहीत. सोबत वजनाची वही, युरेट्सचा फोटो, लॅम्पखालचं आणि सावलीतलं तापमान, शेवटचं कधी खाल्लं, मुतलं, शी केली, एवढं लिहून न्या. कासव बंद डब्यात, हवेला भोकं असलेल्या, टॉवेल गुंडाळून, थंडी असेल तर बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. आणि वाटेत ते डब्यात मुतलं तर पुसून टाकू नका, तसंच डॉक्टरला दाखवा.